सोलापूरच्या उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मेशन करताना

सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे जिवंत पेशींत नवी कामं बसवण्याच्या शास्त्रात, नवी आलेली मुलं थेट सर्किटच्या (एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जनुकांच्या जोडणीच्या) डिझाइनला हात घालतात. २००० साली प्रसिद्ध झालेले टॉगल स्विच (दोन अवस्थांत राहणारं जनुकांचं बटण) आणि रेप्रेसिलेटर (आळीपाळीनं चालू-बंद होणारं सर्किट) वाचले की हुरूप येणारच. पण प्लास्मिड (सर्किट वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) ई. कोलाय या जिवाणूच्या आत शिरलं नाही, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झालं नाही, तर सर्किट कागदावरच राहतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात नेमकं इथंच घोडं अडतं.

डीएनए आत शिरावा म्हणून पेशींना द्यायचा उष्णतेचा झटका, म्हणजे हीट शॉक, ४२ अंशांचा, आणि बाहेर पाराही तिथंच. कॅल्शियम क्लोराइडनं कॉम्पिटंट (डीएनए आत घ्यायला तयार) केलेल्या पेशी बर्फाबाहेर आल्या की त्यांची क्षमता झपाट्यानं उतरते. बोटांची ऊबही पुरते, म्हणून ट्यूब बुडाशी धरूच नका, झाकणाजवळ धरा. टिप्स, रिकाम्या ट्यूब, ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड हे सगळं आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. सेंट्रिफ्यूजचा रोटरही आधी गार करा. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे नुसते खडे नकोत, मधे हवा राहते. बर्फ बारीक फोडा, थोडं पाणी घाला. मीठ अजिबात नको: पॉट आइस्क्रीमवाल्याला शून्याच्या खाली जायचं असतं, तुम्हाला नाही. शून्याखाली ग्लिसरॉल (गोठताना पेशींना वाचवणारा द्रव) नसेल तर पेशी गोठून मरतात.

बाकी कृती सरळ आहे. ओडी (पेशी किती दाट वाढल्या ते सांगणारा गढूळपणाचा आकडा) ०.३५ च्या आसपास असताना पेशी काढा. ५० मायक्रोलिटर पेशींत डीएनए फार तर ५ मायक्रोलिटर, बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फात २ मिनिटं. वॉटर बाथच्या आकड्यावर विसंबू नका, पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. मग एलबी (जिवाणू वाढवायचं पोषक द्रव) घालून ३७ अंशांवर तासभर शेकरवर. मग पेशी अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर पसरायच्या, म्हणजे प्लास्मिड असलेल्याच वाढतात. हे अँटिबायोटिक ॲम्पिसिलिन असेल तर हा तास थोडा कमी झाला तरी चालून जातं, कॅनामायसिनला नाही.

पहिली प्लेट कोरी निघाली तर खचू नका, ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मात्र सोबत पीयूसी१९ या नेहमीच्या, खात्रीच्या प्लास्मिडची एक आणि बिनप्लास्मिडची एक प्लेट हवीच. माझं स्पष्ट मत आहे: निकालाआधी अशा पडताळणीच्या प्लेटा, म्हणजे कंट्रोल, मागणारे कडक सर मिळाले तर त्यांना सोडू नका. तयार कॉम्पिटंट पेशी विकत घेऊन सुरुवात करणं सोपं, पण मग बिघाड कुठं झाला हे कळायची सवय लागत नाही.

ॲम्पिसिलिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, तेही अगार (प्लेटमध्ये ओतायचं जेलीसारखं माध्यम) ५० अंशांपर्यंत निवल्यावरच. प्लेट १६ ते १८ तासांनी फ्रीजमध्ये टाका. टेबलावर राहिली तर या उकाड्यात वाढ चालूच राहते, मोठ्या कॉलनीभोवतीचं (जिवाणूंच्या पुंजक्याभोवतीचं) ॲम्पिसिलिन तुटतं आणि बारीक ठिपके उगवतात. त्यांत प्लास्मिड नसतं. उचलायची ती मधली मोठी कॉलनी, आणि तीही नव्या प्लेटवर पुन्हा स्ट्रीक करूनच (रेघा ओढून पसरूनच) पुढं न्यायची.