नळीला कोणतं पेलेट मानवतं? दहा मीटर एअर रायफलचा ग्रुप लहान करताना

शॉट विखुरले, म्हणजे ग्रुप (कार्डावरच्या भोकांचा पुंजका) मोठा झाला, की बोल हाताला लागतो. पण बऱ्याचदा खोट पेलेटच्या, म्हणजे शिशाच्या छऱ्यांच्या, डबीत असते. म्हणून आधी पेलेट तपासा, पोझिशनला नंतर हात लावा.

लक्ष्याच्या मधोमधचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेट ४.५ मिमीचं असल्यानं त्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडला की १०.० मिळतात, पुढचा प्रत्येक दशांश पाव मिमीचा. पेलेटनं एक मिमी दगा दिला की चार दशांश गेले.

चपट्या डोक्याचं, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचं मॅच पेलेट घ्या. डोक्याचं माप डबीवर असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. एकाच कंपनीची ही तिन्ही मापं आणा, जमलं तर दोन-दोन लॉटची (लॉट म्हणजे एका वेळी बनलेला माल). दुसऱ्याच्या रायफलला मानवलेलं माप तुमच्या नळीला मानवेलच असं नाही, मग मॉडेल तेच का असेना.

चाचणीआधी ॲक्शनचे (पेलेट भरण्या-झाडण्याच्या यंत्रणेचे) स्क्रू घट्ट आहेत ना, पाहा. रायफल रबर लावून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा. पकड रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या धातूच्या भागावर असावी. नळीवर किंवा हवेच्या सिलिंडरवर अजिबात नको. कार्डामागे पेलेट अडवणारा ट्रॅप हवाच. पेलेट बदललं की आधी दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत, तेवढ्यात नळी बसते. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप घ्या. पातळ कागद फाटतो, जाड कार्ड वापरा. व्हर्नियरनं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. सहा मिमीच्या आसपास गोल भोक पडलं तर लॉट ठेवा. आठच्या पुढे गेलं तर सरावापुरता.

नऊ शॉट एका भोकात आणि एकच बाहेर गेला, तर लॉट टाकण्याआधी पेलेटचा स्कर्ट बघा. पातळ शिशाची ती मागची कड डबी पडली तरी चेपते, आणि चेपलेल्या बाजूनं हवा आधी निसटते. ताटात पसरून डाळ निवडावी तशी निवडा. वजन करायचं तर मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा आणि पंखा बंद, नाहीतर आकडा स्थिर राहत नाही. एवढं करून वजनापेक्षा डोक्याच्या मापानंच जास्त फरक पडतो.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारची चाचणी घेऊ नका. सगळे लॉट एकाच सकाळी, एकाच उजेडात तपासा. वीज गेली तर तो ग्रुप सोडून द्या. भरलेला सिलिंडर गाडीत तर कधीच ठेवू नका: २५ अंशांना २०० बार भरलेला, ६० अंशांच्या बंद गाडीत सव्वादोनशेच्या घरात जातो. भरतानाही सावकाश भरा, कारण घाईत हवा तापते आणि गार झाल्यावर काटा खाली येतो.

स्प्रिंगच्या बंदुकीला मात्र व्हाइस चालत नाही. तिचा धक्का पेलेट नळीबाहेर पडण्याआधीच सुरू होतो, म्हणून ती तळहातावर सैल टेकवूनच तपासा.

पसंत पडलेला लॉट नंबर लिहून ठेवा आणि हंगामभराच्या डब्या एकदमच घ्या. पुढचा लॉट, माप तेच असलं तरी, पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो. आणि जेवणाच्या डब्याला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा, शिसं आहे ते.