नवा पेपर आला की आधी कंट्रोल ग्रुप वाचा

पहिल्या वर्षाचे रेसिडेंट मला एक प्रश्न हमखास विचारतात: "मॅडम, अपडेटेड कसं राहायचं?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर तेव्हा पाच-सहा जर्नलचे अलर्ट चालू असतात, पॉडकास्ट अर्धवट ऐकून सोडलेले असतात आणि 'नंतर वाचू' नावाच्या फोल्डरात पीडीएफ साचलेल्या असतात. माहिती कमी पडत नाहीये हो. ती वाचायची कशी, तिथे गाडी अडते.

आधीच सांगते, सगळं वाचून होत नाही. माझं आजही होत नाही. क्रिटिकल केअर (म्हणजे आयसीयू) आणि पॅलिएटिव्ह (गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी शुश्रूषा) दोन्हीकडे पाय ठेवलेत तर अजिबातच होणार नाही. नाईट करून आलात तर सरळ झोपा. डोळे मिटत असताना वाचलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसने आजवर एकाही पेशंटचं भलं केलेलं नाही.

पबमेडवर शोध कसा घ्यायचा, रँडमायझेशन कशासाठी, पी-व्हॅल्यू म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय आणि ती मी लांबण लावून सांगणार आहे, कारण त्यात मी स्वतः बराच काळ अडकले होते.

आपण पेपरातला उपचाराचा गट वाचतो. नवं औषध, नवा डोस, नवा प्रोटोकॉल. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला, म्हणजे कंट्रोल ग्रुपला, 'नेहमीचे उपचार' दिले एवढं दिसलं की पुढे सरकतो. पण निकाल म्हणजे दोन गटांतला फरक. त्यातला एक गट वाचलाच नाही तर फरक कशाचा, हे कळणार कसं?

व्हिटॅमिन सीचं घ्या. २०१७ मध्ये 'चेस्ट' या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या एका आयसीयूचा पेपर आला. सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) ४७ पेशंटना व्हिटॅमिन सी, थायमिन आणि हायड्रोकॉर्टिसोन दिलं. हॉस्पिटलमधले मृत्यू ८.५ टक्के. कंट्रोलच्या ४७ जणांत ४०.४ टक्के. असे आकडे बघून कोण हुरळणार नाही? त्यातून औषधं स्वस्त, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारी, आणि 'तोटा तर काही नाही' अशी सगळ्यांची समजूत. मी तो पेपर जर्नल क्लबला घेतला. स्लाइड्स चकाचक, मृत्यूचे आकडे लाल रंगात. मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सरांनी मध्येच विचारलं, "ते राहू दे गं. दुसरे सत्तेचाळीस कुठून आणले?" मी स्लाइड मागे-पुढे करत राहिले.

उत्तर पेपरातच होतं, मेथड्समध्ये, काही न लपवता लिहिलेलं. कंट्रोल म्हणजे त्याच आयसीयूत आधीच्या सात महिन्यांत दाखल झालेले पेशंट. दोन्ही गट एका वेळचे नव्हतेच. सात महिन्यांत आयसीयूत काय काय बदलतं ते आपण रोज बघतो. नवी रजिस्ट्रार येते, पहिल्या तासात अँटिबायोटिक देण्याची शिस्त लागते, सिस्टर बदलतात; आपल्याकडे तर पावसाळ्यातल्या डेंग्यू-लेप्टोच्या पेशंटचा आणि जानेवारीतल्या न्यूमोनियाच्या पेशंटचा ताळमेळच बसत नाही. फरकातला किती वाटा व्हिटॅमिनचा आणि किती या बाकीच्याचा, हे सांगण्याची सोय त्या रचनेत नव्हती. आणखी अभ्यास हवेत असं लेखकांनी सारांशातच म्हटलं होतं. ते वाक्य आपण सवयीने गाळतो.

पुढची गंमत बघा. २०२० मध्ये 'जामा' या जर्नलमध्ये 'व्हिटॅमिन्स' नावाची ट्रायल आली. त्यात कंट्रोल ग्रुपला नुसतं हायड्रोकॉर्टिसोन दिलं होतं. म्हणजे त्या तिघांतलं स्टिरॉइड दोन्हीकडे समान, आणि फरक गायब. मग २०२२ ला 'लोव्हिट': नुसतं व्हिटॅमिन सी, समोर प्लासिबो (औषध नसलेला डोस), साडेआठशेच्या वर पेशंट. २८ व्या दिवशी मृत्यू किंवा अवयवांना आधार लागतच राहणं हे व्हिटॅमिनच्या गटात ४४.५ टक्के, प्लासिबोच्या गटात ३८.५ टक्के. 'तोटा तर काही नाही' या समजुतीचा निकाल तिथे लागला. या तिन्ही पेपरांतल्या उपचारात व्हिटॅमिन सी आहेच. समोरचा गट मात्र दरवेळी वेगळा आहे, आणि गोष्ट त्याच्यामुळे बदलत गेली.

दुसरं उदाहरण परीक्षेत अजून विचारतात म्हणून देते. २००१ ची डेट्रॉइटची अर्ली गोल-डायरेक्टेड थेरपी (ईजीडीटी, म्हणजे सेप्सिसमध्ये पहिल्या काही तासांत ठरलेली उद्दिष्टं गाठत द्यायचे उपचार): एकच इमर्जन्सी, २६३ पेशंट, मृत्यू ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर. जगभर प्रोटोकॉल झाले. २०१४ च्या 'प्रोसेस' ट्रायलमध्ये ६० दिवसांचे मृत्यू ईजीडीटीच्या गटात २१ टक्के आणि नेहमीच्या उपचारांत १८.९. याचा अर्थ २००१ चा पेपर खोटा होता असा काढू नका. मधल्या काळात 'नेहमीचे उपचार' या दोन शब्दांच्या आतलं सगळं पालटलं होतं. सेप्सिस लवकर ओळखणं, अँटिबायोटिक आणि सलाईन लवकर सुरू करणं हे कंट्रोल ग्रुपलाही मिळायला लागलं होतं. व्हायव्हात नुसतं "ईजीडीटी आता चालत नाही" असं सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. का चालत नाही ते सांगा.

आता तुम्ही म्हणाल, मग परदेशातल्या मोठ्या, नीट केलेल्या ट्रायल्स डोळे झाकून घ्यायच्या? नाही ना. तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो: त्यांचा कंट्रोल ग्रुप माझ्या वॉर्डात आहे का?

२०११ ची 'फीस्ट' ट्रायल प्रत्येकाने मुळातून वाचावी. केनिया, युगांडा, टांझानिया. ताप आणि शॉकची लक्षणं असलेली तीन हजारांवर मुलं. ज्यांना फ्लुइड बोलस (शिरेतून झटपट दिलेला द्रव) दिला त्यांच्यात ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास, ज्यांना दिला नाही त्यांच्यात ७.३. पुस्तकाच्या अगदी उलट. २०१७ मध्ये झांबियात मोठ्यांवर तसाच अनुभव आला: सेप्सिस प्रोटोकॉलच्या गटात मृत्यू ४८.१ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३३. बोलसनंतर दम वाढला तर पुढे व्हेंटिलेटर आहे, हे श्रीमंत देशांतल्या पेपरात गृहीत असतं आणि म्हणून लिहिलेलं नसतं. पुण्यात ही दोन्ही टोकं एकाच रस्त्यावर सापडतात. एका बाजूला एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) असलेलं आयसीयू, आणि पलीकडे दोन बेडना मिळून एक मॉनिटर असलेलं नर्सिंग होम. इंदापूर-भोरकडून अ‍ॅम्ब्युलन्समधून येणारा पेशंट वाटेत यांपैकी कुठे थांबून, किती सलाईन घेऊन आलाय, हे विचारल्याशिवाय कुठलीही ट्रायल त्याला लावू नका. हे कुठल्याही पेपरात लिहिलेलं सापडणार नाही. रेफरलची चिठ्ठी आणि सोबत आलेला ब्रदर हेच तुमचे सोर्स.

पॅलिएटिव्हमध्ये हाच सापळा जास्त अवघड आहे, कारण तिथे 'नेहमीचे उपचार' म्हणजे माणसांचं वागणं. २०१० चा बोस्टनचा पेपर सगळे सांगतात: पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम जोडली, १५१ पेशंट, आयुष्य ८.९ महिन्यांवरून ११.६ वर. मीही तो आनंदाने सांगते. पण तिथल्या कंट्रोल ग्रुपमधला पेशंटही मागितलं तर पॅलिएटिव्ह डॉक्टरला भेटू शकत होता. आपल्याकडच्या 'नेहमीच्या उपचारां'त मॉर्फिन मिळण्याचीही खात्री नसते. तेव्हा तो २.७ महिन्यांचा आकडा नातेवाइकांपुढे जसाच्या तसा ठेवू नका.

उलट दिशेचं उदाहरण २०१६ चं, 'जामा'तलं. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटच्या घरच्यांशी पॅलिएटिव्ह टीमने बैठका घेतल्या. घरच्यांची चिंता, नैराश्य कमी झालं नाही, आणि आघाताची लक्षणं किंचित जास्तच निघाली. हे वाचून आमच्या एका सहकाऱ्याने फॅमिली मीटिंगचा विषयच बंद केला होता: "बघ, बोलून उपयोग नाही." अरे, पण कंट्रोल ग्रुपला काय मिळत होतं? तिथे आयसीयूची टीम स्वतः घरच्यांना भेटत होतीच, माहितीपत्रकही दिलं जात होतं. प्रश्न जादा बैठकांचा होता. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दाराच्या फटीतून "सिरीयस आहेत, दुवा करा" एवढंच ऐकवलं जातं. त्या पेपराच्या आधारे हे समर्थनीय ठरत नाही.

शॉर्टकटबद्दल माझी मतं कडक आहेत, पटली नाहीत तर सोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एका चित्रातला सारांश पेपर निवडायला ठीक, वापरायला नाही. त्यात कंट्रोल ग्रुपला एक चौकोन आणि दोन शब्द मिळतात. एआयला पीडीएफ देऊन सारांश काढणाऱ्यांनाही तेच सांगते. सारांश काढताना नेमकं 'नेहमीचे उपचार' याच शब्दांवर सगळं गुंडाळलं जातं. सांगायचंच असेल तर त्याला सांगा, कंट्रोल ग्रुपबद्दल जे जे लिहिलंय ते शब्दशः काढून दे, आणि मग मूळ पान उघडून ताडून बघा. पुष्कळदा तो तपशील मुख्य पेपरात नसतोच, पुरवणीत असतो. पुरवणी उघडा. कंटाळा येतो, माहितीये.

गुरूंबद्दल: रोज दहा पेपर वाचतो म्हणणाऱ्या सरांच्या नादी लागू नका. राऊंडवर "मला हे माहीत नाही, बघून सांगतो" असं म्हणणारा आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगणारा कन्सल्टंट मिळाला तर त्याला सोडू नका. आणि पुण्यातल्या वारज्याला एकदा जाच. सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र तिथे १९९७ पासून आहे, उपचार मोफत. आयसीयूच्या माणसाने तिथे जाऊन नुसतं बसावं, सिस्टर पेशंटशी कसं बोलतात ते ऐकावं. त्यानंतर पॅलिएटिव्हचे पेपर वेगळे वाचले जातात.

पेपर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. जर्नल्स मिळवून देणारी सरकारी योजना, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, पण ती सरकारी संस्थांसाठी. खासगी आणि ट्रस्ट हॉस्पिटलमधल्यांना त्याचा उपयोग नाही. तरी हातपाय गाळू नका. पबमेड सेंट्रलवर बरंच मिळतं, लेखकाला साधी दोन ओळींची मेल केली तर बहुतेक वेळा पीडीएफ येते, आणि आपली दोन्ही जर्नल्स, 'इंडियन जर्नल ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन' आणि 'इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअर', खुली आहेत. इंग्रजीचा बाऊ करू नका. मी मराठी माध्यमातली. सुरुवातीला एक पेपर संपायला आठवडा जायचा. मेथड्सचं इंग्रजी खरं तर सगळ्यात सोपं असतं, तीच तीच क्रियापदं. अवघड आणि फुलवलेलं इंग्रजी डिस्कशनमध्ये असतं, ते नाही वाचलं तरी चालतं.

आणि सगळं काही जर्नलमध्ये येत नाही. जीवनरक्षक उपचार थांबवण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला दिलेली प्रक्रिया २४ जानेवारी २०२३ ला बदलली. लिव्हिंग विल (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं, मेडिकल बोर्डातल्या डॉक्टरांना वीसऐवजी पाच वर्षांचा अनुभव पुरतो. "आपल्याकडे कायदाच नाही" असं आजही राऊंडवर ऐकू येतं, तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो.

शेवटचं, भारतीय पेपर वाचताना. त्यातले हॉस्पिटलमधले मृत्यू बघाल तेव्हा डामाचे (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले) पेशंट कुठे मोजलेत ते आधी शोधा. पैसे संपतात, आशा संपते, मुलगा कागदावर सही करतो. वॉर्डबॉय त्याला अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कशी दाबायची ते दाखवतो आणि अ‍ॅम्ब्युलन्स निघते. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात 'डामा' लिहिलं जातं. तो पेशंट सासवडच्या पुढे पोचला की नाही, हे आपल्याला कळत नाही, आणि आकडेवारीत तो मेलेला नसतो. काही अभ्यासांत डामा वगळतात, काहींत मृत्यूत धरतात, काहींत एका शब्दाने उल्लेख नसतो. तीन आयसीयूंचे मृत्युदर शेजारी ठेवून तुलना करण्याआधी एवढं बघा.

थीसिसचा विषय शोधत असाल तर हाच घ्या: तुमच्या आयसीयूतून वर्षभरात डामा किती गेले, त्यांतल्या किती जणांच्या घरच्यांशी पॅलिएटिव्हबद्दल कुणी बोललं होतं, घरी जाताना मॉर्फिन किती जणांकडे होतं. घरी फोन करून पुढे काय झालं ते विचारायचं असेल तर एथिक्स कमिटी प्रश्न विचारणार, आणि ते बरोबरच आहे. अर्ज पहिल्या टर्मलाच टाका. रेकॉर्ड रूममधून जुनी रजिस्टरं बाहेर काढून घ्यायलाच बरेच दिवस जातात.