क्नॉसॉसला मुलाबाळांना घेऊन जाताय? मग या चुका टाळा

क्नॉसॉस म्हणजे ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष. क्रीट बेट आहे म्हणजे छोटंसंच असणार असं धरून लोक प्लॅन करतात आणि तिथेच सगळं फिसकटतं. हे बेट पूर्व-पश्चिम जवळजवळ 260 किलोमीटर लांब आहे. फोटो बघून पश्चिमेकडच्या हानिया शहरात हॉटेल बुक केलं की क्नॉसॉसला जाऊन-येऊन पाचेक तास गाडीतच जातात, मुलं कावतात ती वेगळीच. अवशेष बघायचे असतील तर मुक्काम हेराक्लिओनला करा. शहर दिसायला तसं यथातथाच, पण क्नॉसॉस तिथून साधारण 5 किलोमीटर आणि 2 नंबरची सिटी बस जाते. गाडी भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघायच्या आधीच आरटीओतून काढा, ऐन काउंटरवर आठवून काही उपयोग नसतो.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. ब्रेकफास्ट फुकट आहे म्हणून दहापर्यंत हादडत बसायचं आणि अकराला गेटवर पोचायचं, म्हणजे क्रूझवाल्यांच्या बसेस, टूर ग्रुप आणि ऊन सगळं एकदमच अंगावर येतं, त्यात सावली बेताचीच. उन्हाळ्यात सकाळी 8 ला उघडतं, तेव्हाच आत शिरा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि गेल्या गेल्या थ्रोन रूमची, म्हणजे सिंहासनाच्या खोलीची लाइन गाठा, बाकीचं नंतर निवांत बघता येतं. उशीर झालाच तर दुपार सोडून द्या, बंद व्हायची वेळ बघून संध्याकाळी जा.

मुलांना मिनोटॉरची, म्हणजे क्रीटच्या भूलभुलैयात राहणाऱ्या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाची गोष्ट रंगवून सांगता ना, मग तिथे गेल्यावर ती भूलभुलैया शोधणारच, आणि तसा तो तिथे नाहीये, सगळ्या खोल्यांचे अवशेष आणि जिने! रडारड व्हायच्या आधी त्यांना मातीचे पाइप दाखवा. एका टोकाला निमुळते, एकाचं तोंड दुसऱ्यात बरोबर बसेल असे, आणि वय साडेतीन हजार वर्षांच्या आसपास. मोहेंजोदडोची गटारं शाळेत शिकलेली पोरं इथे आपणहून थांबतात. माणसाच्या उंचीचे रांजणही आहेत, त्यांना पिथॉय म्हणतात.

आणि ते लाल खांब बघून "चार हजार वर्षं रंग टिकला बघ" असं कुणी आजोबा म्हणाले तर हळूच सांगा की तो टिकला नाही, दिलाय. आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने 1900 मध्ये इथे खोदकाम सुरू केलं आणि पुढे बरंचसं काँक्रीटमध्ये पुन्हा उभं केलं, त्यावरून अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर मुलांसाठी ते बरंच आहे, नाहीतर नुसत्या दगडांच्या रांगांतून राजवाडा डोळ्यापुढे आणणं मोठ्यांनाही जमत नाही. भिंतींवरची चित्रंसुद्धा कॉप्या आहेत, ओरिजिनल हेराक्लिओनच्या म्युझियममध्ये.

म्हणूनच म्युझियम कट करणं ही माझ्या मते सगळ्यात महागातली चूक. सकाळी साइट आणि दुपारी ऊन तापलं की म्युझियम, हाच क्रम ठेवा. मुलांना सकाळी कॉप्यांचे फोटो काढायला लावा आणि दुपारी ओरिजिनल शोधायला सांगा. लिलीच्या मुकुटाचा राजपुत्र हे भित्तिचित्र सापडलं की नीट बघा, खरे तुकडे थोडेच आहेत, मधलं सगळं नंतर भरलेलं. तिथेच फेस्टॉसची, म्हणजे क्रीटवरच्याच दुसऱ्या प्राचीन राजवाड्यातली मातीची तबकडी आहे, 1908 ला सापडली, तिच्यावरची लिपी अजून कुणाला खात्रीने वाचता आलेली नाही.

व्हेज लोकांनी उगाच घाबरू नये, डाकोस मागवा, बार्लीचे कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह ऑइल. द्राक्षाच्या पानांच्या डोल्माद्यांत मात्र कधी कधी खिमा असतो, विचारून घ्या.

फेस्टॉस आणि गॉर्टिन या प्राचीन शहराचे अवशेष त्याच दिवशी कोंबू नका, ते दक्षिणेला आहेत, वेगळा दिवस द्या. फेस्टॉसला गर्दी कमी असते म्हणून मुलं मोकळी सुटतात आणि खापराचे तुकडे उचलतात. ग्रीसमध्ये अशा जुन्या वस्तू सरकारच्या असतात, देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, तेव्हा बाहेर पडायच्या आधी सगळ्यांचे खिसे उलटे करून बघा.