बेडरूमच्या टीव्हीचा आवाज कमी खर्चात कसा सुधारायचा

मारामारी सुरू झाली की कानठळ्या बसतात आणि दोन पात्रं बोलायला लागली की ‘काय म्हणाला?’ असं शेजारच्याला विचारावं लागतं. ही तक्रार आवाज लहान असल्याची नाही, शब्द न कळण्याची आहे. चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच उरत नाही. आत छोटे स्पीकर असतात आणि त्यांची तोंडं जमिनीकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे. शब्द ओळखू येतात ते बरेचसे स, श, त, क यांसारख्या व्यंजनांमुळे, आणि त्यांची धार साधारण २ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. हा आवाज सरळ कानावर यायला हवा. इथे तो भिंतीवर आपटून, पडद्यात आणि गाद्यांमध्ये मुरून पलंगापर्यंत येतो. नुसता व्हॉल्यूम वाढवून उपयोग होत नाही तो यामुळेच.

आधी फुकटातलं

सेटिंगमध्ये साउंड मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ वर आणा. ‘व्हर्च्युअल सराउंड’ या नावाचं जे काही चालू असेल ते बंद करा. छोट्या स्पीकरवर त्याने आवाज पसरतो आणि संवाद विरघळतो. इक्वलायझर (जाड-बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायच्या पट्ट्या) असेल तर १०० आणि २०० हर्ट्झच्या आसपासची पट्टी ३–४ पायऱ्या खाली घ्या आणि ३ किलोहर्ट्झच्या जवळची २–३ पायऱ्या वर. बास वाढवायचा मोह आवरा. तेवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही, डबा खडखडतो आणि त्या खडखडाटात बोलणं बुडतं. बदल तपासायला गाणं लावू नका, बातम्या लावा.

ओटीटी ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) असेल तर तो स्टीरिओ (दोन स्पीकरसाठीचा) करून बघा. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतो. दोन स्पीकरच्या टीव्हीत सगळे चॅनेल एकत्र कालवले जातात, तेव्हा पार्श्वसंगीत संवादावर चढून बसतं. ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ मोठे आवाज दाबून लहान वर आणतो. संगीतासाठी तो वाईट, झोपायच्या वेळच्या मालिकेसाठी उत्तम.

टीव्ही टेबलावर असेल तर त्याच्याखाली टाकलेलं कापड काढा. खाली तोंड असलेल्या स्पीकरला कडक, मोकळा पृष्ठभाग लागतो, म्हणजे आवाज परतून पुढे येतो.

मग वायरचे स्पीकर

एवढं करूनही समाधान झालं नाही तर कॉम्प्युटरला लावतात तसे, आतच अँप्लिफायर असलेले दोन स्पीकर घ्या. वापरलेले असले तरी चालतील. तेवढ्याच पैशातल्या सर्वात स्वस्त साउंडबारपेक्षा सहसा ही जोडीच बरी, कारण डबे मोठे असतात आणि तोंडं तुमच्याकडे असतात. घरात ऑक्स इनपुट (बाहेरून वायरने आवाज घ्यायचं भोक) असलेली जुनी म्युझिक सिस्टिम धूळ खात पडली असेल तर खर्च फक्त वायरचा.

टीव्हीच्या मागे हेडफोनचं ३.५ मिमीचं भोक असेल तर काम सोपं. स्पीकरच्या इनपुटप्रमाणे दोन्हीकडे ३.५ मिमीची, किंवा एका टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली वायर घ्या. टीव्हीचा व्हॉल्यूम ७०–८० टक्क्यांवर ठेवा, मग स्पीकरचं बटण फिरवून आवाज बेताचा करा. उलट केलं, म्हणजे टीव्ही कमी आणि स्पीकर पूर्ण, तर शांत प्रसंगात ‘स्सऽऽ’ ऐकू येत राहतो. पुढे रोजची कमी-जास्त रिमोटनेच होते.

हेडफोनचं भोक नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे तंतूतून प्रकाशाच्या रूपात आवाज पाठवणारं टीव्हीमागचं भोक. त्यासाठी ऑप्टिकलवरून ॲनालॉग, म्हणजे साध्या वायरीतून स्पीकरला चालणारा सिग्नल, करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. आवाजच आला नाही तर दोन गोष्टी बघा. वायरच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपी काढली आहे ना? आणि टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) वर आहे ना? ‘ऑटो’ वर ठेवलं तर डॉल्बीचा सिग्नल जाऊ शकतो, आणि साध्या कन्व्हर्टरला तो उलगडता येत नाही. शिवाय ऑप्टिकलवर बऱ्याच टीव्हींचा रिमोट व्हॉल्यूम बदलत नाही. पलंगावरून उठायचं नसेल तर स्वतःचा रिमोट असलेला कन्व्हर्टर किंवा स्पीकर घ्या.

बाहेरचे स्पीकर चालू असताना टीव्हीचेही वाजत असतील तर आवाज घुमतो. मेनूमधून टीव्हीचे बंद करा.

घूंऽऽ असा आवाज

स्पीकर जोडल्यावर सतत गुणगुण येत असेल तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची किंवा डिशची वायर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष स्पीकरचा नाही. दोन वेगळ्या मार्गांनी अर्थिंग होऊन फेरा तयार झाला आहे. टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरी राहिली तर ३.५ मिमीच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (हा अर्थिंगचा फेरा तोडणारी छोटी डबी) टाका किंवा ऑप्टिकल वापरा; काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून वीज जातच नाही. यूएसबीवर चालणारे स्पीकर टीव्हीच्याच यूएसबीत खोचले असतील तर ते वेगळ्या चार्जरवर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका.

जुने डबे आणि छोटा अँप्लिफायर

पडून असलेले लाकडी डब्याचे, ४ ते ८ ओहमचे स्पीकर असतील तर टीपीए३११६ चिपवरचा छोटा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप्लिफायर पुरतो. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला बहुधा चालतो, पण अँप्लिफायरवर छापलेली व्होल्टेजची मर्यादा आणि अडॅप्टरच्या पिनमध्ये धन ध्रुव मधोमध आहे का, हे आधी पडताळा. डाव्या-उजव्या स्पीकरच्या ऋण वायरी एकत्र जोडू नका. या अँप्लिफायरमध्ये तसं केलं तर चिप जळू शकते.

डब्यावरच्या खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. स्पीकरचा मोठा शंकू (पुढची थरथरणारी वाटी) बाहेर उचलला गेला तर सेलचं धन टोक जिथे लागलं ते स्पीकरचं धन. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर बास गायब होतो आणि बोलणाऱ्याचा आवाज पडद्याच्या मधून न येता कुठूनतरी डोक्याभोवती तरंगतो.

जागा

स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, तोंडं उशीकडे. टेकून बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीला ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) असावा. स्पीकर वर टांगावे लागले तर पुढे झुकवा. कोपऱ्यात ठेवलेला डबा घुमतो, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला की बोलणं मोकळं होतं. डब्याखाली रबराचे किंवा फोमचे तुकडे ठेवा, नाहीतर कपाटही वाजायला लागतं. खोलीत टाळी वाजवून ‘टर्र’ असा प्रतिध्वनी आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीवर जाड पडदा लावा. सबवूफरचा (फक्त बासच्या मोठ्या स्पीकरचा) खर्च इथे नको. खालच्या घरात तो तुमच्यापेक्षा जास्त ऐकू जातो.

ब्लूटूथ स्पीकर शेवटी. आवाज पाव सेकंदापर्यंत मागे पडू शकतो आणि ओठ आधी हलतात. टीव्हीत ‘ए-व्ही सिंक’ असेल तर थोडं जुळवता येतं, पण तो पर्याय बहुतेक वेळा आवाज आणखी उशिरा पाठवायचा असतो आणि इथे तर उशीर आधीच झालेला असतो. वायर ओढता येत असेल तर वायरच ओढा.