जर्मनीतला पहिला हिवाळा: खोली बंद करून सुट्टीला निघण्याआधी

पुण्याहून एक्स्चेंजवर जर्मनीला निघालेल्या मुलांची सगळी तयारी जॅकेटभोवती फिरते. औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज ये-जा केलेल्यालाही जर्मनीतल्या खऱ्या ब्रेमेन शहराचा डिसेंबर कसा असतो, ते ठाऊक नसतं. पारा बरेच दिवस शून्याच्या जरा वर रेंगाळतो. सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. पुण्यात तेव्हा ११ तास उजेड, तिथे जेमतेम साडेसात. थंडीचा बंदोबस्त पैसे टाकून होतो. अंधार, बंद दुकानं आणि बंद खिडकी यांचा मात्र आधीच विचार करून ठेवावा लागतो. त्यातल्या खिडकीपाशी आपण पुणेकर हमखास फसतो, म्हणून तिच्यावर पुढे जरा जास्तच लिहिलं आहे. कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

कपड्यांचं आधी उरकू. जाड जॅकेट पुण्यात घेऊ नका. तुम्ही सप्टेंबरमध्ये निघणार आणि इथली लोकरी कपड्यांची दुकानं दिवाळीच्या सुमारास सजणार. इथून न्यायचे ते थर्मलचे दोन जोड, पायमोज्यांचे सहा आणि कानटोपी. जॅकेट तिथे घ्या, वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं. बूट जाड मोजा घालून मापून बघा आणि तळव्याला खोल खाचा हव्यातच. उणे दहाच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्यावर पडणारा पाऊस जास्त वाईट. तो फरशीवर पडताक्षणी गोठतो आणि ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. घरात वीसेक अंश तापमान असतं, त्यामुळे एका जाड स्वेटरपेक्षा काढता-घालता येणारे तीन पातळ थर सोयीचे. खोबरेल तेलाची बाटली नेलीत तर ती तिथे दगड होणार. २४ अंशांच्या खाली ते थिजतंच, त्यामुळे रुंद तोंडाची बरणी बरी.

उजेडाचं थोडं गंभीर आहे. ऑक्टोबर ते मार्च तिथलं ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला पुरत नाही आणि सावळ्या त्वचेला तर ऊन जास्तच लागतं. निघण्याआधी पुण्यातच रक्ततपासणी करून घ्या. ऊन नसताना रोज २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, हा तिथला मान्य अंदाज आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या साठ हजार युनिटच्या पुड्या मनाने घेत सुटू नका, डॉक्टरला विचारा. आणि दुपारी बारा ते दोनच्या मध्ये अर्धा तास बाहेर चाला, आभाळ कितीही भरलेलं असो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काहीच करावंसं वाटत नाही, झोप संपत नाही. हे बहुतेकांचं होतं, तुमच्यात काही बिघडलेलं नाही. दोन आठवडे सलग तसंच राहिलं तर मात्र विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची वेळ घ्या. वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून आधी घ्या.

आता कॅलेंडर. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे आणि जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद. फराळाचं सामान शनिवारी संध्याकाळपर्यंत घरात हवं. बेसन सुपरमार्केटात किंवा तुर्की दुकानात ‘किशरएर्बसेनमेल’ या नावाने मिळतं, रवा ‘वाइशवाइत्सेनग्रीस’. चकलीची भाजणी पुण्याहूनच न्या. सोबत तूप, खवा किंवा पनीर मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ताज्या कढीपत्त्याचीही तीच गत, वाळवून पूड करून न्या. तूप तिथल्या लोण्याचं उत्तम कढतं. फक्त सामायिक स्वयंपाकघरात फोडणी देताना पंखा लावा आणि दार ओढून घ्या. धुराचा अलार्म वाजून अग्निशमन दल आलं तर बिल कोणाच्या नावावर फाडायचं, याची चर्चा होतेच.

डिसेंबरचा हिशोब याहून कडक. २४ तारखेला बहुतेक राज्यांत दुकानं दुपारी दोनपर्यंत बंद होतात, २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी. २०२६ मध्ये २४ गुरुवार आहे, म्हणजे २७ ला रविवार. गुरुवारी दुपारी पडलेलं शटर सोमवारी सकाळी उघडणार. पुण्यातलं ‘एक ते चार बंद’ निदान चारला संपतं! एका माणसाला साडेतीन दिवसांना अर्धा किलो तांदूळ, पाव किलो डाळ, एक-एक किलो कांदे-बटाटे, सहा अंडी, दोन लिटर दूध आणि एक पाव पुरतो. ही खरेदी २२ तारखेलाच करा. २३ ला रांगा लांब असतात आणि २४ ला सकाळी भाजीचे कप्पे रिकामे. विद्यापीठाची मेन्झा म्हणजे खानावळही या काळात बंद असते. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप, दोन्हीकडे भाव चढे. औषधं संपत आली असतील तर तीही २२ लाच. सुट्टीत डॉक्टर लागला तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

विद्यापीठाने नेमून दिलेला ‘बडी’, म्हणजे मदतनीस विद्यार्थी, २२ ला स्वतःच्या घरी जातो. त्याच्यावर फार विसंबू नका. माझं मत विचाराल तर वसतिगृहात ओळख करून ठेवायची ती हाउसमाइस्टरशी, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाशी. तो सुट्टीवर कधी जातो आणि त्याच्या जागी कोणाला फोन करायचा, हे १५ डिसेंबरच्या आत विचारून घ्या.

आणि आता खिडकी. आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर डिसेंबरला एक सल्ला फिरतो: ‘निघताना हीटर शून्यावर कर, खिडकी घट्ट लाव, पैसे वाचतील.’ हा सल्ला देणाऱ्यांनी बुरशी काढायचं बिल पाहिलेलं नसतं.

पुण्यात बुरशी म्हटलं की जुलै. चामडी पट्ट्यावर, कपाटातल्या बुटांवर पांढरी साय धरते, म्हणून घरचे खिडक्या लावून घ्यायला सांगतात. ते बरोबरच आहे, कारण तेव्हा ओल बाहेर असते. जर्मनीच्या डिसेंबरात ओल आत असते. शून्य अंशाची हवा घनमीटरमागे जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची धरते १७ ग्रॅम. त्यामुळे बाहेर धुकं असो की भुरभुर पाऊस, शून्य अंशाची ती हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत येते. पुन्हा सांगायला हवं: बाहेर ओलं दिसत असलं तरी हिवाळ्यात खिडकी उघडल्याने खोली कोरडी होते. हे पुणेकराच्या गळी उतरत नाही आणि तिथेच सगळं चुकतं.

आकडे मांडून बघा. १४ चौरस मीटरची खोली, अडीच मीटर उंची, म्हणजे ३५ घनमीटर हवा. २० अंशांना ती काठोकाठ भरली तरी त्यात ६०० ग्रॅम पाणी मावतं. मशीनमधून पिळून आलेल्या एका खेपेच्या कपड्यांत दीड-दोन लिटर असतं. झोपेत एक माणूस रात्रभरात पाव लिटरहून जास्त सोडतो. हे पाणी खोलीतल्या सगळ्यात गार जागी जाऊन बसतं: खिडकीच्या चौकटीचा कोपरा, बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची पाठ, जमिनीवर टाकलेल्या गादीची खालची बाजू. थेंब दिसायलाच हवेत असंही नाही. हवा २० अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १५ अंशांची भिंतसुद्धा बुरशीला पुरते. अशा खोलीत कपडे वाळत घातलेत, हीटर बंद केलात आणि दोन आठवडे गेलात, की खोली १० अंशांवर येते. १० अंशांची हवा धरते साडेनऊ ग्रॅम. उरलेलं सगळं भिंतीवर.

करायचं ते इतकंच. रोज दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडी टाकायची, पाच ते दहा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात हीटरचा वॉल्व्ह बंद ठेवायचा. तिथे याला ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात आणि भाडेकराराच्या जोडपत्रात बऱ्याचदा ते लिहिलेलंही असतं. खिडकी वरून कलती करून दिवसभर ठेवणं हा आळशी शॉर्टकट. हवा धड बदलत नाही, चौकटीभोवतीची भिंत तेवढी गार पडते आणि बुरशी नेमकी तिथे धरते. वॉल्व्हवरचे आकडे वेगाचे नसून तापमानाचे असतात: १ म्हणजे सुमारे १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०. ५ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. दहाएक युरोचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या आणि ४० ते ६० टक्क्यांत राहा. कपाट भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा. कपडे तळघरातल्या ड्रायरमध्ये किंवा वाळवणीच्या खोलीत वाळवा. ड्रायरचे दोन-तीन युरो जिवावर येतात, पण बुरशी धरली तर धोक्यात येणारं डिपॉझिट बहुधा काही शे युरोंचं असतं.

पैसे वाचवण्याआधी करार नीट वाचा. वसतिगृहाचं भाडं बऱ्याचदा ‘वार्ममीटे’ असतं, हीटिंग ठरावीक रकमेत धरलेलं. तिथे हीटर बंद ठेवून तुमचा एक सेंटही वाचत नाही. खाजगी खोलीत वर्षाचा हिशोब नंतर येतो, तिथे काटकसर कळते, पण तीही २ च्या खाली नको.

निघायच्या दिवशी वॉल्व्ह २ वर. आदल्या दिवसापासून खोलीत एकही ओला कपडा नाही, टॉवेलसुद्धा. शेवटची दहा मिनिटं खिडकी उघडी, मग घट्ट बंद. कचरा बाहेर. भिंतींचे, कोपऱ्यांचे आणि हीटरचे फोटो. राहायला आलात तेव्हा केलेल्या ताबा-नोंदीची, म्हणजे खोलीची अवस्था लिहिलेल्या कागदाची, प्रत मेलमध्ये ठेवा, नसेल तर आज मागा. बुरशी दिसलीच तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा. दोष कळवणं ही भाडेकरूची कायदेशीर जबाबदारी आहे आणि लपवलं तर वाढलेल्या नुकसानीचं खापर तुमच्यावर फुटतं. अर्ध्या चौरस मीटरहून लहान डाग ७०-८० टक्के अल्कोहोलने पुसता येतो, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, जवळ ज्योत नसताना. व्हिनेगर नको, वरून रंग तर नकोच. घाबरू नका, वेळेत कळवलेला छोटा डाग ही तिथे रोजची बाब आहे.

फिरायला जाताना मूळ पासपोर्ट आणि चालू व्हिसा किंवा निवास परवाना जवळ हवा. त्यावर इतर शेंगेन देशांत, म्हणजे सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मुदत संपत आली असेल आणि हातात नुसती अर्ज केल्याची पावती असेल तर सीमा ओलांडू नका. लंडन आणि डब्लिनला वेगळा व्हिसा लागतो. जानेवारीत परीक्षेची नोंदणी हुकलेले दरवर्षी भेटतात, कारण तिची मुदत बरेचदा सुट्टीच्या आगेमागेच असते. लेक्चरला नाव असलं म्हणजे परीक्षेला असतंच असं नाही.

कुठेच जाणार नसाल तरी बिघडत नाही. कोणी २४ च्या संध्याकाळी घरी बोलावलं तर तो मान समजा, वेळेवर जा, दारात बूट काढा. शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी सांगा. त्या रात्री बऱ्याच घरांत बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असतं आणि त्या सॅलडमध्येही कधी मांसाचा रस्सा घातलेला असतो. घरी फोन दुपारी करा. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यात साडेदहा आणि आजी झोपलेली.

परत आल्यावर बॅग उघडण्याआधी खिडकी उघडा. दहा मिनिटांनी बंद करून वॉल्व्ह ३ वर, मग हायग्रोमीटर आणि कपाटाची पाठ बघा. ३ जानेवारी २०२७ ला रविवार आहे. त्या दिवशी पोचणार असाल तर चहासाठी ‘हा-मिल्श’चा, म्हणजे टिकाऊ दुधाचा, न उघडलेला डबा निघतानाच कपाटात ठेवून जा.