म्हातारं, आजारी मांजर घरी आणण्याआधी

शेल्टरमधलं दहा-बारा वर्षांचं मांजर आणायचं ठरलं की माणसं आधी मऊ गादी घ्यायला धावतात. गादी राहू द्या. मांजर बहुधा गादी ज्या खोक्यातून आली त्यातच झोपेल. आधी कागद मागून घ्या. रक्ताचे आणि लघवीचे शक्यतो दोन रिपोर्ट हवेत, मध्ये काही महिन्यांचं अंतर असलेले. एका रिपोर्टवरून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत काम करतेय हे दाखवणारा रक्तातला घटक, किती आहे एवढंच कळतं, दोनांवरून ते वाढतंय की स्थिर आहे ते समजतं. वजनाच्या नोंदी तारखांसकट मागा. घरात आधीची मांजरं असतील तर एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एफआयव्ही मुख्यतः मारामारीतल्या खोल चाव्यातून पसरतो आणि तो असलेली मांजरं वर्षानुवर्षं बरी जगतात. ल्युकेमियाचा विषाणू मात्र एकमेकांना चाटण्यातून, एका भांड्यात खाण्यातूनही जातो.

मग औषधं. यादीवर नाव, मात्रा, वेळ आणि शेवटचा डोस कधी दिला हे हवंच, पण यादीवर विसंबू नका. शेल्टरमध्ये जाऊन तिथल्या माणसादेखत एकदा तुम्ही स्वतः औषध देऊन पाहा. दत्तक घ्यायचं की नाही याचा खरा निकाल तिथेच लागतो, असं माझं मत आहे. गोळीमागून सिरिंजने थोडं पाणी पाजायचं, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होऊ शकते. थायरॉइडचं औषध कानाच्या आतल्या बाजूला चोळायच्या मलमातही मिळतं. ते लावताना हातमोजे घाला, नाहीतर तुमच्या कातडीतूनही ते शरीरात जाईल. किडनीच्या काही मांजरांना त्वचेखाली सलाइन द्यावं लागतं. ऐकताना धडकी भरते, हात बसला की काही मिनिटांचं काम. मधुमेह असेल तर इन्सुलिन बहुधा दर 12 तासांनी, म्हणजे तुमच्या रोजच्या संध्याकाळी त्याला बांधलेल्या. बाटली यू-40 (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असेल तर सिरिंजही यू-40चीच घ्या. यू-100ची वापरली तर मात्रा अडीच पटीने चुकते. साखर एकदम उतरली की मांजर झोकांड्या खातं, थरथरतं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळून लगेच डॉक्टर गाठायचा. हे सगळं येणारं घरात दुसरं माणूस हवं. ते नसेल तर आतापासून कुणालातरी तयार करा.

पहिले दोन आठवडे एकच छोटी खोली पुरते. कपाटामागची आणि पलंगाखालची फट बुजवा, नाहीतर रोज औषधाच्या वेळी जमिनीवर पालथं पडून टॉर्च मारावा लागेल. लपायला हात पोचेल असं खोकं ठेवा. लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूचा, ट्रे मोठा पण एका बाजूने बुटका हवा. या वयात सांधे बहुतेकांचे दुखतात, आणि उंच कड ओलांडणं नको म्हणून मांजर बाहेर घाण करतं. आपण म्हणतो खोडी करतंय. लिटर शेल्टरमध्ये होतं तेच आणा. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब. दूध नको. म्हणीतलं मांजर डोळे मिटून ते पितं खरं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

खाणंही सुरुवातीला जुनंच. किडनीसाठी कमी फॉस्फरसचा आहार सांगितला असेल तर तो सात ते दहा दिवसांत थोडा थोडा मिसळत आणा. पथ्याच्या नादात मांजर उपाशी राहिलं तर ते जास्त वाईट. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं, लठ्ठ मांजराच्या तर नक्कीच. ओलं खाणं कोमट केलं की वास सुटतो आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

घरातून लिलीची फुलं हलवा. पॅरासिटामॉल आणि कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषध कुलपात ठेवा. तिन्ही मांजरांचा जीव घेतात.

एक वही घाला. आठवड्याला वजन, रोज लिटरमधले लघवीचे गोळे किती, आणि गाढ झोपेतले मिनिटाचे श्वास. ते साधारण 30च्या आत असतात, पण तुमच्या मांजराचे 18 की 26 हे पहिल्या पंधरवड्यातच लिहून ठेवा, म्हणजे पुढे वाढ झाली तर कळेल. पहिल्या पानावर रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि खाली तिथे तडक निघायची कारणं: बोका ट्रेत पुन्हा पुन्हा बसतोय पण लघवी होत नाही, तोंड उघडं टाकून श्वास, मागचे पाय अचानक लुळे.

पैसे वेगळे काढा. विम्यात आधीपासूनचा आजार सहसा बसत नाही. उपचार कुठवर करायचे हेही घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या, लळा लागल्यावर ते बोलणं तोंडातून निघत नाही.

न्यायची पेटी वरून उघडणारी असली तर बरं. दुखऱ्या सांध्यांचं मांजर दारातून ओढून काढावं लागत नाही. आणि निघताना त्याच्या अंगाखालचा मळका टॉवेल मागून घ्या. घरी आल्यावर तो धुवायची घाई करू नका.