हौदात पाय घालणाऱ्या घोड्याला कसं आवरायचं

तरणा घोडा पाणी प्यायला गेला की आधी पुढच्या पायाने छपाछप पाणी उडवतो आणि मग दोन्ही पाय थेट हौदात. बघायला मजा वाटते, पण पाण्यात चिखल, लीद सगळं जातं, घोडा असलं पाणी प्यायचं टाळतो, आणि त्याला रोज 25 ते 45 लिटर तरी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त, कमी पडलं की पोटशूळ उठायची भीती. शिवाय नाल काठात अडकला आणि घोड्याने घाबरून पाय ओढला तर नाल उपटतो, पायही कापतो.

मारू नका प्लीज, पाण्याजवळ मार बसला तर तो तिथे जायलाच बिचकेल.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हौदाच्या मधोमध लांबीला एक जाड पाइप काठाच्या थोडं वर घट्ट बसवायचा, तोंड आरामात पाण्यापर्यंत गेलं पाहिजे पण पाय टाकायला जागा नको, आणि मोकळं सोडताना मोरकी (तोंडाला बांधलेली दोरी किंवा पट्टा) काढाच, ती पाइपात अडकते. नवीन हौद बांधत असाल तर काठ छातीच्या जरासा खाली येईल एवढा उंच घ्या, कडा गोल करा, शिंगरू असेल तर त्याला वेगळं बुटकं भांडं ठेवा.

बऱ्याचदा घोडा उकाड्याने किंवा कंटाळून हे करतो. दुपारी पाइपने पाय, छाती भिजवा, सावली द्या, सोबतीला दुसरा घोडा सोडा, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.